पौर्णिमेच्या आत

विमानाने जमीन सोडली तरी अभिमन आबांनी मांडीवरची पिशवी सोडली नाही. हवाईसुंदरीने दोनदा खुणेने सांगितलं, पिशवी समोरच्या खुर्चीखाली ठेवा. आबांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि ती पुढे सरकली की पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. पायाशी कशी ठेवायची? पिशवीत डबा होता आणि डब्यात कानबाईचे रोट.

रोट संपायला हवे होते, तेही मुंबईत उतरण्याच्या आत. दमलेल्या डोक्यात आबांना एवढं एकच स्पष्ट दिसत होतं. बाकी सगळं, मुलाचं घर, ते मोठमोठे रस्ते, तो धबधबा, तीन महिन्यांची सुट्टी, कधीतरी वाचलेल्या पुस्तकासारखं मागे पडलं होतं.

आबा धुळ्याचे, देवपुरातले. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर टेबलामागे बसून निवृत्त झालेले. दोंडाईच्याच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे थोरले भाऊ रुपचंद आणि वहिनी भिकुबाई, त्यांची मुलं गिरधर आणि भिकन, नातवंडं, शेती. नोकरीमुळे आबा शहरात राहिले, पण घर वेगळं झालं नव्हतं. वेगळं झालं नव्हतं याचा पुरावा कुणी मागितला असता, तर गावातल्या कुणीही सांगितलं असतं, त्यांची कानबाई एक आहे.

खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. कलशावरच्या नारळाला नथ घालतात, लुगडं नेसवतात, रात्रभर जागवतात आणि सोमवारी नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात तेही मोजून नाही, मुठीने. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची एक मूठ, वर थोडं. ज्याच्या नावाने घर चालतं त्याची मूठ पहिली. ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा नाही आणि पौर्णिमा ओलांडू द्यायची नाही. भाऊबंदांत वाटण्या झाल्या की सगळ्यात शेवटी कानबाई वेगळी होते. आबांच्या चुलतघरी तसं झालं होतं. झुलालनानांनी एका वर्षी स्वतःच्या ओसरीवर कानबाई बसवली, पहिली मूठ स्वतःच्या नावाची धरली आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांतलं येणंजाणं आटलं. पुढे नाना वारले तेव्हा भाऊ मसणवटीपर्यंत गेले, पण त्यांच्या ओट्यावर बसले नाहीत.

अमेरिकेला निघताना भिकुबाईंनी म्हणूनच बजावलं होतं. मुलाने, युवराजने पाठवलेल्या तिकिटांत परतीची तारीख कानबाईच्या नंतरची होती, हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, "तठे काही मांडू नका, आबा. आपली कानबाई एकच शे."

आबा म्हणाले होते, "नही मांडत, वहिनी."

आणि मांडली. कुणाला नाही म्हणणं आबांना जन्मात जमलं नव्हतं. साहेबाला नाही, शिपायाला नाही, बायकोला तर नाहीच. युवराज एका संध्याकाळी कामावरून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, आबा, आपण इथे बसवू या ना कानबाई, मी आठ वर्षांत रोट पाहिला नाही. त्याच्या तोंडाकडे बघून आबांनी मान डोलावली. वहिनींना दिलेला शब्द त्यांना आठवत नव्हता असं नाही. आठवत होता, आणि तरी मान डोलत होती.

मग आबांची बायको, प्रमिलाबाई, कामाला लागल्या. भारतीय दुकानातून गहू आणला, नारळ आणला. जातं नव्हतं, मसाल्याच्या यंत्रात थोडा थोडा करत गहू दळला. दळणाआधी गहू काढायला बसल्या तेव्हा सूनबाई पातेलं धरून उभी होती. प्रमिलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि मूठ भरत ओठांतल्या ओठांत नावं घ्यायला सुरुवात केली. रुपचंद. अभिमन. गिरधर. भिकन. मग गिरधरची मुलं, भिकनची मुलं, युवराज, युवराजचा मुलगा, आणि गिरधरच्या थोरल्याला वैशाखात झालेला, अजून बारशाच्या नावाने कुणी हाक न मारलेला, तोही. घरात लग्न होऊन आल्यापासून गहू त्याच काढत होत्या. हात चालू लागला की नावं आपोआप येत. आबा दारात उभे होते. त्यांच्या ध्यानात आलं की इथे खाणारी तोंडं पाच आणि मुठी अख्ख्या गावच्या घराच्या. त्यांनी तोंड उघडलं, पण नावं घेताना मध्ये बोलायचं नसतं म्हणून मिटलं.

रोट झाले ते परातभर. गुळाच्या पाण्यात मळलेले, जाडजूड. सोमवारी गाडीतून नदीवर गेले, तिथे एक गोरा माणूस गळ टाकून बसला होता. तो जाईपर्यंत युवराज गाडीतून उतरायला तयार नव्हता, आणि तो काही जाईना. शेवटी त्याच्यासमोरच नारळ पाण्याला लावला. त्याने टोपी काढली. मग घरी येऊन सगळे खायला बसले. युवराजने पहिला रोट डोळे मिटून खाल्ला, दुसरा उघड्या डोळ्यांनी, तिसऱ्याला पाणी मागितलं. नातवाने चतकोर खाऊन पोट दुखतं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी विमान. उरलेले रोट सुनेजवळ ठेवले असते तर तिने ते शेजारणीला दिले असते; ती चांगल्या मनाने देणारी होती, तेच तर भय होतं. म्हणून डबा भरला.

"वाटेत कुठेतरी टाकून द्या आबा," विमानतळावर युवराज हळूच म्हणाला होता, "आईला कळू देऊ नका." आबांनी त्यालाही मान डोलावली होती.

आता पौर्णिमा परवावर होती, की उद्यावर, हेही धड समजत नव्हतं. आबांच्या मनगटावरचं घड्याळ मुलाच्या गावचं होतं, विमान पूर्वेकडे चाललं होतं आणि मध्येच कुठेतरी दिवस गळत होता. आकाशात पौर्णिमा कुठल्या गावच्या वेळेने धरायची, हे पंचांगात आबांनी कधी वाचलं नव्हतं. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

"ल्या," प्रमिलाबाईंनी झाकण किलकिलं करून एक चतकोर त्यांच्या हातात दिला.

आबा चावू लागले. खालच्या कवळीत कण अडकले. विमानातल्या मुलीने आणलेलं जेवण त्यांनी तसंच परत पाठवलं. पोटात जागा होती ती रोटांसाठी राखून ठेवायची होती.

खिडकीशी सुरतेच्या एक बाई बसल्या होत्या. मुलीचं बाळंतपण उरकून परत निघालेल्या, बोलक्या, मायाळू. त्यांनी पिशवीतून थेपले काढले, कैरीचा छुंदा काढला आणि न विचारता दोघांच्या हातावर ठेवला. घरचं आहे, खा, असा आग्रह करत राहिल्या. प्रमिलाबाईंनी संकोचाने एक घेतला, मग दुसराही घ्यावा लागला. आणि थोड्या वेळाने डबा उघडला तेव्हा गुळाचा वास खिडकीपर्यंत गेला. बाईंनी मान लांब करून पाहिलं आणि हात पुढे केला. मायेचा, हक्काचा हात.

प्रमिलाबाईंनी झाकण लावलं. उभ्या आयुष्यात त्यांनी दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की आबांनी नजर दुसरीकडे वळवली.

"देवनं शे, बेन," त्या कशाबशा म्हणाल्या. "घरनाच खातस."

बाईंनी हात मागे घेतला. जरा वेळाने खिडकीकडे बघत, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "थेपला खाते टाइम भगवान बीच में नहीं आया."

त्यानंतर लंडनपर्यंत त्यांनी थेपल्यांची पिशवी पुन्हा उघडली नाही. आबांना वाटलं, यांना सगळं समजावून सांगावं. मग वाटलं, काय सांगणार? शब्द मोडून बसवलेल्या देवीचे रोट लपवून खातोय, हे? त्यांनी डोळे मिटले आणि झोपल्यासारखं केलं.

लंडनला विमान बदलायचं होतं. तपासणीच्या टेबलावर निळ्या गणवेशातल्या बाईने डबा उघडायला लावला. हातात पांढरे मोजे होते तरी प्रमिलाबाई पुढे सरसावल्या. तिने वाकून वास घेतला, एक बोट रोटाजवळ नेलं. प्रमिलाबाई दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या. तिला काय वाटलं कोण जाणे. तिने बोट मागे घेतलं, झाकण स्वतः लावलं आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला.

मग लांबच लांब दालनात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वाट बघणं आलं. प्रमिलाबाईंचा डोळा लागला. चप्पल पायातून गळून पडलेली, पाय सुजलेले, तोंड थोडं उघडं. आबा डबा घेऊन उठले. भिंतीशी कचऱ्याची पेटी होती. तिचं झाकण पायाने उघडायचं होतं. युवराजने सांगितलं तसं एका क्षणात झालं असतं. ते पेटीपाशी उभे राहिले. त्यांच्या मागे एक तरुण कागदी पेला टाकायला येऊन थांबला, वाट बघू लागला. आबा बाजूला झाले. त्याने पेला टाकला आणि गेला. आबा पुन्हा पुढे झाले आणि पेटीत पाहिलं. आत अर्धे खाल्लेले पाव, सिगारेटची पाकिटं, कुणाच्या तरी बाळाचा लंगोट. आत्ता कुठे त्यांना बायकोच्या ओठांतली नावं ऐकू आली, क्रमाने. ते परत येऊन खुर्चीवर बसले आणि एक चतकोर काढून चावू लागले.

दुसऱ्या विमानात बसले तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. खुर्ची तीच, घोंगडी तीच, कानांत तीच घरघर. बाहेर उजाडतं आहे की मावळतं आहे, ते कळेना. पोट दगडासारखं झालं होतं. प्रमिलाबाई खात होत्या, पण त्यांचाही हात आता तोंडापर्यंत यायला वेळ लावत होता.

"आखो एक," त्या म्हणाल्या.

"मन्हा पोटमा आते जागा नही शे."

"भाऊ न् अक्का घ्यायला येणार आहेत," त्या म्हणाल्या. अक्का म्हणजे भिकुबाई, त्यांची जाऊ. "डबा अक्काच उघडतील. प्रवासातून आलेला डबा त्या पहिल्यांदा धुवायला घेतात."

ते आबांनाही माहीत होतं. म्हणून तर ते चावत होते. एक घास चहाबरोबर, एक पाण्याबरोबर, एक नुसताच. भाऊंचा ओटा त्यांना दिसत होता. त्यावर भाऊ बसलेत आणि आपण खाली रस्त्यावर उभे आहोत, झुलालनाना उभे राहायचे तसे, चपला न काढता. चुकलं असेल तर आपलं चुकलं, यात त्या बिचारीचा काय दोष? पण मूठ तिने धरली आणि दोष तिच्या अंगावर येणार. बायकोला वाचवायचं तर दोन उपाय होते. सगळं खाऊन टाकायचं, नाहीतर तोंड उघडायचं. तोंड उघडण्यापेक्षा खाणं आबांना सोपं वाटत होतं.

मुंबईत विमान उतरलं तेव्हा सकाळ झाली होती. डब्यात तळाशी तीन रोट उरले होते.

बाहेर कठड्याशी भाऊ उभे होते. पांढरी टोपी, धोतर, गळ्यात उपरणं, अनोळखी गर्दीत हात कुठे ठेवावेत ते न समजून उपरण्याचीच टोकं धरलेली. शेजारी भिकुबाई नऊवारीत. गावातली जीप भाड्याने करून रात्रभर आले होते. आबा पाया पडायला वाकले तर वाकताच येईना. भाऊंनी दंडाला धरून उभं केलं आणि न्याहाळून बघितलं.

"वाळी गया रे तू. तठे जेवाले देतस का नही?"

आबांना हसावंसं वाटलं, पण पोट साथ देईना.

जीप एका झाडाखाली उभी होती. सामान चढलं. भिकुबाईंनी मात्र कुणाला बसू दिलं नाही. त्यांनी पुढच्या सीटवरून पांढऱ्या धडुत्यात बांधलेलं गाठोडं काढलं, जीपच्या मागच्या फळीवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत रोट होते.

"आठेच खाई ल्या," त्या म्हणाल्या. "आज पुनीव शे. गावले पोचेतक रात व्हई." मग एकेक रोट वेगळा करत, बोट लावत सांगू लागल्या. "हाऊ तुम्हना. हाऊ युवराजना. हाऊ त्याना पोऱ्याना. त्यासना वाटाना बी तुम्हलेच खाना पडतीन."

आबा रोटांकडे बघत राहिले. इथे सगळ्यांच्या मुठी धरल्या होत्या. जे नव्हते त्यांच्याही. ते तीन रोट इथवर, या झाडाखालपर्यंत, म्हातारी माणसं रात्रभर जीपमध्ये मांडीवर धरून आली होती, आपण विमानात धरून आलो तशीच.

प्रमिलाबाईंनी हातातली पिशवी पदराआड ओढली होती. आबांनी ती त्यांच्या हातातून घेतली. डबा काढला, झाकण काढलं आणि धडुत्याशेजारी ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "आम्ही तठे कानबाई बसाडी."

आवाज इतका लहान निघाला की भाऊंना ऐकू आला नसेल असं त्यांना वाटलं. पण भाऊंनी उपरण्याची टोकं सोडली होती. भिकुबाई डब्याकडे बघत होत्या. ड्रायव्हरने बिडी विझवली आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.

आबा सांगू लागले, युवराजची इच्छा होती, मीच हो म्हटलं, हिचा काही दोष नाही. भिकुबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. त्यांना आबांकडून काही ऐकायचं नव्हतं. त्या जावेकडे वळल्या.

"पयली मूठ कोना नावनी धरी?"

प्रमिलाबाईंना प्रश्नच समजला नाही. दोन दिवसांचं जागरण, सुजलेले पाय, उतरलेलं तोंड, त्यांनी जावेकडे नुसतं पाहिलं.

"भाऊसना नावनी," त्या म्हणाल्या. "आखो कोना नावनी धरसू?"

"न् मंग?"

मग प्रमिलाबाईंनी सगळी नावं सांगितली. भाऊ, नवऱ्याचं नाव न घेता 'हे', गिरधर, भिकन, त्यांची मुलं, शेवटी ते वैशाखातलं बाळ. सांगता सांगता त्यांच्या हाताची मूठ आपोआप वळत होती आणि उघडत होती.

भिकुबाईंनी डब्यातला एक रोट उचलला. उलटापालटा करून पाहिला, बोटाने टोकरला, नाकाशी नेला.

"मंग ती आपलीच कानबाई," त्या म्हणाल्या. "वेगळी कसानी?"

त्यांनी रोट मोडला. मोडायला जोर लागला. अर्धा नवऱ्याच्या हातावर ठेवला. "ल्या. तुम्हनी मूठ शे. अमेरिकाथिन उनी."

भाऊंनी तो तोंडात टाकला आणि दाढेकडून दाढेकडे फिरवू लागले.

"कडक शे," ते म्हणाले.

"तठला गहूच तसा शे, भाऊ," आबा म्हणाले.

"गहूले काय व्हयनं? माले दात नही शेत."

भिकुबाईंनी पुढच्या वर्षीचं तेवढं बजावून ठेवलं, की आता कुठेही गेलात तरी कानबाईला इथे यायचं, नाहीतर मी तिकडे येऊन बसेन. मग सगळे त्या झाडाखाली उभ्या उभ्या खाऊ लागले. वरून विमानं जात होती, त्यांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. डब्यातले रोट भाऊंनी आणि भिकुबाईंनी संपवले. धडुत्यातला एक प्रमिलाबाईंनी नातवाच्या नावाने संपवला. आबांनी आपला खाल्ला. कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत.

शेवटी युवराजचा उरला. भिकुबाईंनी तो आबांपुढे धरला. आबांनी सवयीने मान डोलावली, रोट हातात घेतला आणि जीपच्या मागच्या फळीवर टेकून, डोळे मिटून पहिला घास तोडला.